कान, एक नग

फॉर्ममध्ये रकाना आहे: वस्तूचे नाव.
मी कच्च्यात लिहिते, खेचराचा कान, डावा,
आणि पेन थांबतं.
कागद बेळगावला जायचा, कन्नडात जायचा.
घोडा मला येतो, कुदुरे. बैल, एत्तु.
कुत्रं तर पहिल्याच आठवड्यात आलं होतं.
खेचर मात्र चौदा वर्षांच्या नोकरीत
एकदाही माझ्या टेबलावर आलं नव्हतं.

हेसरगत्ते, शिवलीला पलीकडून म्हणाली.
मी ऐकलं हेसरु, म्हणजे नाव,
पुढं कत्ते, म्हणजे गाढव.
नावाचं गाढव?
ती हसली. तसं नाही गं,
पण राहू दे, असंच लक्षात राहील.

खानापुरात जुन्या नाक्यावर तो हौद आहे.
घाटातून मीठ वर आणणाऱ्या जनावरांसाठी
कुणा साहेबानं बांधला म्हणतात.
चार कोपऱ्यांवर चौघं, काशाची:
बैल, घोडा, कुत्रं, खेचर.
साहेबाचं नाव दगडावर होतं.
त्यावर कधी डांबर आलं, मग रंग,
मग दुसऱ्या लिपीतला दुसरा रंग,
मग पुन्हा पहिली.
आता वाचायला काही नाही,
नुसती जाडी हाताला लागते.

जनावरांना कुणी काही फासलं नाही.
त्यांच्यावर फक्त बसले.
पोरांच्या चड्ड्यांनी खेचराची पाठ
पिवळीधमक झाली आहे, पोट शेवाळी हिरवं.
घोडा अजून सगळाच हिरवा.
त्याच्यापर्यंत पाय पुरत नाहीत.

कान करवतीनं नेला होता, सरळ रेषेत.
हात चांगला आहे चोराचा, बाबा म्हणाले.
ओताऱ्याची नजर. आधी काम बघतील, मग पाप.

त्यांनी बावीस वर्षांनी भट्टी पेटवली.
मधल्या काळात गॅसच्या शेगड्या दुरुस्त केल्या,
कुकरच्या शिट्ट्या बदलल्या.
मेण आणलं, राळ आणली,
माती इथलीच, तांबडी, कौलांची.
नमुना पाहिजे म्हणून कुंभारवाड्यात
भर्माच्या गाढवाचा कान
अर्धा तास हातात धरून बसले.
भर्मा म्हणाला, "काय बघूलैस गा मामा?
ऐकू येतंय त्येला."

धातू कमी होता.
आईची तळपाय घासायची वाटी गेली.
तिनं दिली, पण त्या दिवशी बोलली नाही.
टेकडीवरच्या देवळातली तडकलेली घंटा
गुरवानं पोत्यात घालून आणली,
मारली की खोकल्यासारखी वाजायची ती.
मी म्हणाले, म्हणजे आता
घंटेचा कान होणार.
बाबा म्हणाले, "कविता नको, कथील बघ.
कथील कमी पडतंय."

बसवला तेव्हा अख्ख्या नाक्याला दिसत होता,
नवा, नवरीच्या कुडीसारखा.
मीठ-ताक लावून काळा करा, कुणी म्हणालं.
"हुईल आपसूक," बाबा म्हणाले,
"घाई हाय कुणाला?"
आणि हत्यारं गुंडाळली.

बेळगावहून शेरा आला आहे:
जनावरास कान दोन, मागणी एकाचीच का?
खुलासा करावा.
बिल अडकलं आहे. मी खुलासा लिहिते आहे,
शिवलीला माझे जोडाक्षर तपासते आहे.

काल बाजार होता.
भर्माचं गाढव विटा घेऊन तिथून जाताना
हौदापाशी थांबलं.
पाणी तिथं मी जन्मल्यापासून नाही.
तरी त्यानं कोरडा काठ हुंगला,
खेचराकडे पाहिलंसुद्धा नाही.
भर्मानं जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला,
ट्र्यॅक् असा काहीतरी.
तो कुठल्या भाषेतला ते मला
फॉर्मवर लिहिता आलं नसतं.
गाढवाला कळला.
ते चालायला लागलं,
एक कान पुढं, एक मागं.